दोन पाचशेऱ्या आणि एक रिकामा रकाना

डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा माझा उजवा हात दस्तीखाली होता. मुरुमच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, तुरीचा सौदा चालला होता. आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्तीचा रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. समोर आळंदचा व्यापारी होता. तेवढ्यात तुळजापूरहून आलेल्या एसटीचा कंडक्टर दुकानाच्या पायरीवर आला आणि म्हणाला, "सावकार, तुमचे डॉक्टरसाब काल सकाळी गेले. तुळजापुरात. झोपेतच." मी मान हलवली. आळंदवाल्यानं बोटं सैल सोडली, त्याला वाटलं मी उठणार. मी उठलो नाही. त्याची तीन बोटं पुन्हा धरली आणि सौदा पुरा केला, तोही मला हवा त्या भावात. मग पोती शिवून होईपर्यंत उभा राहिलो, चहा सांगितला, प्यायलो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, डॉक्टर गेले म्हणं, अन् तुमी जेवायला बसलाव?" मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. त्याला आता पाच आठवडे झाले, आणि अजून मला रडू आलेलं नाही. यावं अशी वाटही मी बघत नाही. पण त्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती मीच सांगू शकतो.

डॉक्टर रंगनाथ धारूरकर मूळचे तुळजापूरचे, शाळामास्तराचे चिरंजीव. शिकले हैदराबादेत, त्यामुळं बोलताना मध्येच 'नक्को' म्हणायचे, काम अडलं की 'देखेंगे' म्हणायचे. आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या साली ते मुरुमच्या दवाखान्यात आले. मी तेव्हा नुकताच मोंढ्यात स्वतःची आडत काढून बसलो होतो. त्याआधी बारा वर्षं त्याच मोंढ्यात मी पाठीवर पोती वाहिली होती, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि मी ते कुणाला विसरू देत नाही.

एक दिवस डॉक्टर दुकानात आले. सोबत एक गोरी बाई होती, बर्टाबाई म्हणायचे तिला. बर्फाच्या कुठल्या तरी देशातली नर्स, उन्हानं नाक सोललेलं, पायात पुरुषी बूट. डॉक्टर म्हणाले, "शिवाप्पाशेट, तुमची मागची खोली पाहिजे. लेकरांसाठी दुधाची भुकटी येणार आहे, तिचे डबे ठेवायला." भुकटी एका देशातून यायची, नर्स दुसऱ्या देशातली, वजनाचा काटा तिसऱ्या देशातला, छापील कार्डं दिल्लीहून, आणि डॉक्टर तुळजापूरचे. दोन वर्षांखालच्या लेकरांना रोज दूध द्यायचं, दर महिन्याला वजन करायचं, कार्डावर लिहायचं. असंच काम, अशाच कार्डांवर, त्याच वेळी आणखी कितीतरी मुलखांत चाललं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "मुरुमच्या लेकराचं कार्ड आणि आफ्रिकेतल्या लेकराचं कार्ड एका कपाटात शेजारी शेजारी राहणार शेट. मग तिथं बसलेले लोक बघणार, कुठल्या लेकराला काय दिलं की ते जगतं." बोलताना त्यांचे डोळे असे चमकत होते की मला राग आला. समोरच्याला गरज आहे हे कळलं की मी ताणून धरतो, तो माझा स्वभाव. मी म्हणालो, खोली दोन महिन्यांपुरती मिळेल. त्यांना वर्षभर हवी होती. मी दस्ती टाकली. डॉक्टरांनी आत हात घातला आणि माझा आख्खा पंजा धरून हलवला. आमच्या भाषेत त्याचा अर्थ पाच. मी म्हणालो, "ठरलं, पाच महिने." ते गोंधळले. "अहो, मी तर हात मिळवत होतो!" दुकानातले हमाल पोटं धरून हसले. बर्टाबाईला काही कळलं नाही, तीही हसली. पुढं पाचाचे पंधरा महिने झाले, ते वेगळं.

पहिल्याच वेळी अडचण आली ती काट्याची. परदेशी काटा म्हणजे वर घड्याळासारखी तबकडी, खाली आकडा, आणि त्या आकड्याला कापडाची झोळी. त्यात लेकराचे पाय घालून टांगायचं. बायांनी बघितलं आणि लेकरं पदराखाली घेतली. एक म्हणाली, "बकरं टांगत्यात तसं टांगनार व्हय गं माय?" दोन बाजार असेच गेले, एकाही लेकराचं वजन झालं नाही. तेव्हा मी डॉक्टरांना म्हणालो, तुम्ही तुळजापूरचे ना? देवीला नवस फेडताना लेकराची गुळानं तुला करतात, तेव्हा एक तरी आई नको म्हणते का? माझी तागडी घ्या. एका पारड्याच्या जागी पाटी बांधा, पाटीत वाकळ घाला. दुसऱ्या पारड्यात माझी वजनं टाकायच्या आधी गुळाचा खडा ठेवा, आणि वजन झालं की तो खडा लेकराच्या आईला द्या. डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. पुढच्या बाजारी रांग लागली. तबकडीचा काटा खोक्यात गेला. ही युक्ती माझी होती. दिल्लीला जो अहवाल गेला त्यात तिला 'स्थानिक पद्धत' म्हटलं होतं, माझं नाव कुठंच नव्हतं. मी ते डॉक्टरांना तेव्हाच सुनावलं. ते म्हणाले, "नाव माझंही नाही त्यात." हे काय उत्तर झालं?

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो तिच्याकडं येतो. त्या काळी मोंढ्यात प्रत्येक आडत्याकडं वजनांचे दोन संच असायचे. हे कुणी बोलत नाही, पण माझ्या वयाच्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, तो नजर दुसरीकडं वळवेल. शेतकऱ्याकडून माल घ्यायची पाचशेरी थोडी जड, गिऱ्हाइकाला माल द्यायची थोडी हलकी. दिसायला दोन्ही सारख्याच, काळ्या, लोखंडी, वर कडी. मी हमाल असल्यापासून हेच बघत आलो होतो. आडत काढली तेव्हा मीही दोन संच केले. सुगीत खरेदी चालते, तेव्हा जड संच दुकानात असतो आणि हलका रिकामा पडलेला असतो. पाडव्यानंतर खरेदी संपते, विक्री सुरू होते, मग हलका दुकानात आणि जड रिकामा. डॉक्टरांना महिन्यातून एकदा वजनं द्यायची, तेव्हा जी रिकामी असतील ती मी द्यायचो. एकदाही माझ्या मनात आलं नाही की यानं काही बिघडेल. लेकरू काही विकायचं नव्हतं की विकत घ्यायचं नव्हतं. त्याला कुठली वजनं आणि काय!

आषाढ लागला तेव्हा दिल्लीहून पत्र आलं. मुरुमची लेकरं दूध पिऊन वाळत चालली आहेत. माघात होती त्यापेक्षा आता कमी भरतात, एखाददुसरं नव्हे, सगळीच. ज्याला हे आकडे दिसले त्यानं साधा हिशेब केला: दूध लेकरांच्या पोटात जात नाही, मध्येच कुठंतरी जातंय. साठ्याची तपासणी करा, नाहीतर केंद्र बंद करावं लागेल.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं असतं तर... पण त्यांनी तसं केलं नाही. भर बाजाराच्या दिवशी, उमरग्याहून आलेले दोन कारकून आणि बर्टाबाईला घेऊन ते माझ्या खोलीत आले. सगळे डबे बाहेर अंगणात काढले. एकेकाचं सील तपासलं. बाहेर शेतकरी, हमाल, माझे सौदेकरी उभे राहून बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "दूधवालं सावकार!" डबे बरोबर निघाले. एकही फुटलेला नाही, एकही कमी नाही. कारकुनांनी कागद आवरले. मी डॉक्टरांसमोर गेलो आणि अख्ख्या मोंढ्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "माझ्या बापानं पोती वाहिली, म्या पोती वाहिली. पोत्याला भोक कुनी पाडलं न्हाय. आता ही खोली बंद." आणि कुलूप लावलं. चावी जानव्यासारखी गळ्यात घातली आणि दुकानात जाऊन बसलो.

आठ दिवस ते कुलूप तसंच होतं. बाया वाट्या घेऊन यायच्या आणि परत जायच्या. डॉक्टर दोनदा आले. दोन्ही वेळा मी सौदा करत असल्याचं दाखवलं. मला एक वाक्य हवं होतं, 'शेट, माझं चुकलं', तेवढंच. त्यांनी ते म्हटलं नाही. मीही काही म्हटलं नाही, कारण तोवर मला काही कळलंच नव्हतं.

नवव्या दिवशी चंद्रभागा आली. शेतात खुरपायला जाणारी बाई, आवाज असा की म्हैस उठून उभी राहावी. कडेवर तिचा म्हाद्या. डॉक्टर तिसऱ्यांदा माझ्याकडं आले होते, पायरीवर उभे होते. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "डाक्टरसाब, तुमच्या कागदात माझं लेकरू वाळलंय म्हनं?" डॉक्टर म्हणाले, "आकडे तसं सांगतात बाई." तिनं म्हाद्याचं झबलं वर केलं. "ह्यो करदोडा बगा. संक्रांतीला बांधला तवा दोन बोटं आत जायची. आता कमरंत रुतायलाय. दोनदा गाठ सोडून वाढवला म्या. अन् माझं लेकरू वाळलंय? तुमचा काटा वाळलाय!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अन् तुमी वो सावकार, तुमच्या भांडनात माझ्या लेकराची वाटी रिकामी कामून?"

 डॉक्टर खाली बसले. त्यांनी म्हाद्याच्या करदोड्यात बोट घालून बघितलं, ते आत जाईना. दारात आणखी चार-पाच बाया होत्या. त्यांनी प्रत्येकीच्या लेकराचा करदोडा बघितला, कातडीवरचे वळ बघितले. मग उठून सरळ माझ्या दुकानात आले. एका कोपऱ्यात त्यांना दिलेली वजनं होती, त्यातली पाचशेरी उचलली. गादीशेजारी दुकानाची पाचशेरी होती, ती उचलली. दोन्ही माझ्याच तागडीच्या दोन पारड्यांत ठेवली.

एक पारडं खाली गेलं.

मी ते पारडं खाली जाताना बघितलं आणि त्याच क्षणी मला सगळं समजलं. माघात हलक्या संचानं लेकरं जास्त भरली होती, आषाढात जड संचानं कमी, म्हणून ते दिल्लीचं पत्र. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडून काहीतरी म्हणेन म्हणून ते थांबले असावेत. मीही थांबलो होतो. डॉक्टरांनी आधी माफी मागावी, मग मी सांगेन, असं माझ्या मनात पक्कं होतं. आमच्या धंद्यात जो आधी भाव सांगतो तो हरतो. थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही पाचशेऱ्या उतरवून जागच्या जागी ठेवल्या आणि म्हणाले, "शेट, चहा सांगा." मी चहा सांगितला. गळ्यातली चावी काढून गादीवर ठेवली. ती त्यांनी उचलली आणि खोली उघडली. चंद्रभागेनं पहिली वाटी घेतली.

पुढं त्यांनी काय केलं ते मला दोन महिन्यांनी कळलं. त्यांनी वर लिहून दिलं की दूध नीट पोचलं आहे, लेकरं सुधारत आहेत, वजनं घेण्याच्या कामात चूक झाली आणि ती चूक माझी, डॉक्टर धारूरकरची. केंद्र वाचलं. परदेशी काट्याला पाटी बांधून वजनं पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पण ते वर्ष वाया गेलं. त्या वर्षीची कार्डं त्या कपाटातून काढून ठेवली गेली. कुठल्या तरी मोठ्या शहरात वेगवेगळ्या देशांचे डॉक्टर आपापल्या गावांचे आकडे घेऊन जमणार होते, तिथं धारूरकर जाणार होते. ते राहिलं. बर्टाबाई गेली ती हा माणूस निष्काळजी आहे असं समजून गेली. जाताना तिनं मला हात जोडून नमस्कार केला आणि त्यांच्याशी नुसता हात मिळवला. मी ते बघितलं. तेव्हाही मी बोललो नाही.

त्यांची बदली परांड्याकडं झाली. कितीतरी वर्षं ते सोनारीच्या बाजूला खेडोपाडी लेकरं तपासत हिंडले. मी त्यांच्यावर रागावलोच होतो. आजही आहे. भरबाजारात माझी झडती घेतली, त्याची माफी त्यांनी कधीच मागितली नाही. आणि वर माझा दोष मला न विचारता उचलून नेला. मी आयुष्यात कुणाकडून काही फुकट घेतलेलं नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या परत केल्या असत्या, आणि मग कदाचित खरंही बोललो असतो. दशमान वजनं आली, जुनी मोडीत निघाली, तेव्हा ते मुद्दाम परांड्याहून मुरुमला आले आणि म्हणाले, "एक पाचशेरी मला द्या. टेबलावर कागद उडतात." मी हलकी दिली. पुरावा म्हणून नेत असतील, असं वाटलं. न्या म्हणालो.

गेल्या वर्षी ते निवृत्त होऊन तुळजापूरला राहायला गेले. मी देवीला गेलो होतो, तेव्हा घरी डोकावलो. अंगणात खाटेवर पडलेले होते, छातीचं दुखणं. लोहाऱ्याकडच्या पाऊसपाण्याचं बोलणं झालं, माझ्या मुलीच्या लग्नाचं झालं. मग म्हणाले, "शेट, त्या वर्षी तुमची खरेदी कधी संपली होती हो? पाडव्याआधी की नंतर?" सहज विचारल्यासारखं विचारलं, पण मी सहज म्हणून घेतलं नाही. दहा वर्षांनी हा माणूस मला पकडतोय, असं वाटून कानशिलं तापली. मी म्हणालो, "इतकं जुनं कुणाला आठवतंय डॉक्टर?" ते म्हणाले, "खरंय... देखेंगे." ती आमची शेवटची भेट.

मी खोटं बोललो होतो. मला प्रत्येक सुगी आठवते. त्या वर्षी पाडव्यानंतरच्या दुसऱ्या बाजाराला मी खरेदी थांबवली आणि त्या दिवशी संच बदलला. मध्ये एकदा चैत्रात लातूरकडचा हरभरा आला म्हणून एका बाजारापुरता पुन्हा उलटा केला. सगळं आठवतं.

बातमी कळल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुळजापूरला गेलो. वहिनींनी मला डॉक्टरांच्या खोलीत नेलं. टेबलावर एक जाड वही होती आणि तिच्यावर माझी पाचशेरी. वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव नेहमी निघायचं भावजी. म्हणायचे, शिवाप्पाला एक गोष्ट विचारायची आहे." मी म्हणालो, मग सरळ विचारली का नाही? त्या म्हणाल्या, "मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, विचारली की त्याला वाटणार मी चोर पकडतोय. एकदा तसं केलंय, पुन्हा नक्को." मी त्यांना ते वाक्य आणखी एकदा म्हणायला लावलं.

वही उघडली. त्या वाया गेलेल्या वर्षातलं प्रत्येक लेकरू तिच्यात होतं. नाव, आईचं नाव, वजनाचा दिवस, तेव्हा लिहिलेलं वजन. त्यापुढं लाल शाईनं आणखी दोन वजनं. हलक्या पाचशेरीनं घेतलं असेल तर खरं वजन इतकं, जडनं घेतलं असेल तर इतकं. त्यासाठी त्यांनी माझी पाचशेरी नेली होती. तिचं नेमकं वजन करून, पारडं किती खाली गेलं होतं त्या अदमासानं दुसरीचंही काढलं होतं. पानामागून पान, शेकडो ओळी, प्रत्येक लेकराला दोन वजनं. आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद रकाना, त्याच्यावर लिहिलं होतं, 'कुठली पाचशेरी?' तो रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रिकामा होता. तेवढंच त्यांना माहीत नव्हतं. आणि ते सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता.

वही आणि तिच्यावरची पाचशेरी मी मागून आणली. गेले चार आठवडे दुपारी मोंढा थंडावला की गादीवर बसून तो रकाना भरतो. तारीख बघतो, बाजार आठवतो, 'देण्याची' किंवा 'घेण्याची' लिहितो, आणि चुकीचं वजन खोडतो. म्हणजे एका लेकराला एकच वजन राहतं. म्हाद्याची ओळ आली तेव्हा थांबलो. माघ ते आषाढ, तो चांगला वाढला होता. सगळीच वाढली होती. आता म्हाद्या मोंढ्यासमोरच्या शाळेत जातो.

काल शेवटचं पान झालं. जड पाचशेरी मी मोडीत दिली नव्हती, ती तराजूच्या दुकानात नेऊन तिचं खरं वजनही करून आणलं. डॉक्टरांचा अदमास जवळजवळ बरोबर होता. वही आता दिल्लीला पाठवणार आहे. तिथं ते कपाट आहे की नाही, कुणी उघडेल की नाही, मला माहीत नाही. सोबतच्या पत्रात लिहिलं आहे की वजनं माझी होती, दोन्ही संच माझे होते, डॉक्टर धारूरकरांची चूक नव्हती. तेच इथंही लिहितो, कारण झडती जशी भरबाजारात झाली, तसं हेही भरबाजारात व्हावं.

वही बांधायच्या आधी गादीवर ठेवली होती. वारा होता म्हणून पानांवर त्यांच्या टेबलावरची पाचशेरी ठेवली, आणि सवयीनं वर दस्ती टाकली. खाली हात घातला तर लोखंड हाताला लागलं, गार. आधी भाव मीच सांगितला डॉक्टर, असं म्हणालो. हमाल बघत होते. हात तसाच ठेवला... मग वही बांधायला घेतली.